सरकारांचा फेटा लग्नाला गेला नाही

धामणखेडच्या सर्जेराव महाराजांनी एका इंग्रजी शब्दाला हद्दपार करायचं ठरवलं!

शब्द होता लाईन. महाराजांना इंग्रजी शिकवायला गुर्जर मास्तर येत. पहिल्या दिवशी मास्तरांनी लाईनचा अर्थ सांगितला, ओळ. दुसऱ्या दिवशी सांगितला, रेषा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आगगाडीचे रूळ, तीही लाईनच, सरकार. शिपायांच्या खोल्या, त्याही लाईन. आणि गळाची दोरी..."

महाराज ताडकन उठले.

"मास्तर, हा शब्द आहे की बहुरूपी? आमच्या राज्यात न्हावी घंटा वाजवत नाही आणि गुरव दाढी करत नाही. एकाला एकच काम! खरा अर्थ कोणता तेवढा सांगा. बाकीचे वेशीबाहेर!"

"सगळेच खरे आहेत, सरकार."

"सगळेच खरे म्हणजे एकही खरा नाही!"

मागे घड्या घालत बसलेली सगुणा खुदकन हसली. महाराजांचे फेटे धुवायचे, खळ लावायची, कपाटात ठेवायचे, हे तिचं काम. कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असे.

"सगुणे, हसलीस?"

"नाही सरकार, शिंकले."

"शिंक अशी येते?"

"गरिबाची अशीच येते."

"अस्सं? मग उद्या सकाळी खरा अर्थ तूच निवडून द्यायचा. नाही जमलं तर तू आणि मास्तर, दोघंही बाकीच्या अर्थांबरोबर वेशीबाहेर!"

दारावरचा हवालदार पुढे आला. "सरकार, अर्थाला बेड्या कुठं घालायच्या?"

महाराजांनी त्याला हातानंच दाराकडे परत पिटाळलं.

सगुणाचं हसू मावळलं. येत्या सोमवारी तिच्या लेकीचं लग्न होतं. मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. नवरीची आईच हद्दपार झाली, तर वरपक्ष दारात पाऊल ठेवणार होता थोडाच!

ती घरी पोचते तोच दारात गर्दी. हवालदार सगळ्यांत पुढे.

"सगुणाबाई, पोलीस लाईनच निवडा! नाहीतर आम्ही राहायचं कुठं?"

"रूळ वेशीबाहेर गेले तर मी गाडी काय शेतातून नेऊ?" स्टेशनमास्तर ओरडले.

"ओळी गेल्या तर मी लिहू कसा? सगळी अक्षरं एकाच ठिकाणी?" कारकून रडकुंडीला आला होता.

ढकलाढकली सुरू झाली. मांडवाची एक मेढ हलली. सगुणा खेकसली, "आधी लाईनीत उभे राहा!"

सगळे मुकाट रांगेत उभे राहिले. कोणता अर्थ, म्हणून एकानंही विचारलं नाही. सगुणा त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा आता घरी. आणि जेवा पोटभर."

सकाळी राजवाड्याचं आवार वाजंत्र्यांनी भरून गेलं. लग्नसराईचे दिवस. राज्यात कुठंही लग्न निघालं की महाराजांना आमंत्रण असे. पण महाराजांना ऊन, सनई आणि बुंदीचे लाडू या तिन्हींचा तिटकारा. म्हणून त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून रीत पडली होती. महाराजांऐवजी त्यांचा फेटा जाई! तबकात बसून, घोड्यावरून. मांडवात फेट्याला ओवाळत, गादीवर बसवत, त्याच्यापुढे ताट वाढत. मोठमोठे पाटील फेट्याला वाकून मुजरा करत. एका लग्नात तर फेट्याला लाडवाचा आग्रहही झाला होता.

त्या दिवशी घोडे सजले, तबकं आली, फेटे मात्र आले नाहीत.

"सगुणे! फेटे कुठं आहेत?" दरबारात सिंहासनावरून महाराज ओरडले.

"कपाटात, सरकार. कुलूप लावलंय."

"कोणाच्या हुकमानं?"

"आपल्याच की! एकाला एकच काम. फेट्याचं खरं काम डोक्याला गुंडाळायचं. बाकीची कामं मी वेशीबाहेर काढली. आजपासून लग्नाला महाराज म्हणून महाराजच जाणार!"

जमलेल्या वरबापांनी एकच जल्लोष केला. "सरकार स्वतः येणार! अरे, लाडू दुप्पट वळायला सांगा!"

महाराजांचा चेहरा उतरला. "सगळ्या लग्नांना?"

"मुहूर्त पाठोपाठ आहेत. पण सरकार पळत गेले तर अक्षता चुकायच्या नाहीत."

"अगं बाई, कपाटात असतो तेव्हा फेटा कापड असतो. गादीवर ठेवला की तो मी असतो!"

"मग खरा कोणता? कपाटातला की गादीवरचा?"

"दोन्ही खरे!" महाराज गरजले. "कुठं ठेवलाय ते बघायचं आणि मुजरा करायचा! एवढं शेंबड्या पोरालाही कळतं!"

सगुणानं कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

"हे घ्या, सरकार. त्या लाईनचंही तेवढंच आहे. कुठं ठेवलीय ते बघायचं!"

गुर्जर मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

आणि महाराज हसले! आधी मिशीत, मग पोट धरून, मग सिंहासनाचा हात धरून.

"म्हणजे या बेड्या परत ठेवू?" हवालदारानं विचारलं.

"ठेव! मास्तर, उद्यापासून पुढचा शब्द. सगुणे, तुझ्या लेकीला ओढ्याकाठचा मळा आंदण दिला! आणि सोमवारी तिच्या लग्नाला आमचा जरीचा फेटा पाठवतो!"

"पाठवा सरकार," सगुणा म्हणाली. "पण आत डोकं घालून पाठवा!"

महाराज पुन्हा इतके हसले की डोक्यावरचा फेटा सुटून गळ्यात आला.

सोमवारी ते खरंच आले. उन्हात बसले, सनई ऐकली, अक्षता टाकल्या. लाडवाचा आग्रह झाला, तेव्हा मात्र त्यांनी इकडेतिकडे बघून लाडू हळूच फेट्यात लपवला.

सगुणानं ते पाहिलं.

"सरकार," ती वाकून कानात म्हणाली, "फेट्याला आणखी एक काम लागलं वाटतं!"