शाळेपुढची सुगंधी नळी

डोंगरापल्याड, नदीच्या काठी एक गाव होतं. तिथला पाटील मनाचा भला. फक्त कुणाला ‘नाही’ म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

तंबाखूचं दुकान शाळेजवळ नको आणि पोरासोरांना तंबाखू विकायची नाही, असा त्या गावचा जुना नियम होता.

एकदा एक व्यापारी आला. त्याच्याकडे रंगीत नळ्या होत्या. ओढल्या की आंब्याचा, मोगऱ्याचा वास सुटायचा आणि तोंडातून पांढरी वाफ निघायची.

“पाटील, शाळेपुढे दुकान टाकू द्या.”

“तंबाखू आहे का त्यात?”

“छे हो! नुसता अर्क. धूर नाही, राख नाही.” मग तो हळूच म्हणाला, “शाळेचं छप्पर गळतंय म्हणे. नवी कौलं मी घालून देतो.”

अर्क कशाचा, हे विचारावं असं पाटलाला वाटलं. पण कौलांचा विषय निघाला आणि प्रश्न ओठांतच राहिला. त्याने मान हलवली.

कौलं चढली. सुट्टी झाली की पोरं दुकानाला गराडा घालू लागली.

गावातल्या पोरांना पोहायला शिकवणारा धाकू नावाडी पाटलाकडे आला. “पाटील, पोरं अर्ध्या नदीतच धापा टाकतात. नळी मिळाली नाही की एकमेकांवर खेकसतात. तुमची लेक मैनासुद्धा.”

“वाफ आहे रे ती, धाकू. सगळ्यांनाच आवडते, मी एकट्याने कशी बंद करू?”

धाकू नदीकडे परत निघाला. लेकीच्या पदराला मोगऱ्याचा वास येतो, हे पाटलालाही ठाऊक होतं. तरी त्याने तिला काही विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात बाजाराहून माणसं घेऊन परतणारी धाकूची नाव भर पुरात खडकाला अडकली. अशा वेळी काठावरून कुणीतरी दोर घेऊन पोहत जायचं. मैनाइतकं चांगलं पोहणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. तिने कमरेला दोर बांधला आणि उडी घेतली.

निम्म्या वाटेवर तिचे हात थांबले. लोकांनी तिला ओढून काठावर आणलं. दुसरा एक पोरगा उतरला, तोही खोकत मागे फिरला. तोवर धाकूने नावेतल्या एकेकाला खडकावर चढवलं होतं. शेवटी तो एकटाच नावेत राहिला, आणि नदीने त्याला नावेसकट ओढून नेलं. पूर ओसरल्यावर बाकीचे घरी आले. धाकू सापडलाच नाही.

“का गं ओढायचीस ती नळी?” पाटलाने लेकीला विचारलं.

मैना म्हणाली, “बाबा, तुम्हीच परवानगी दिली होती ना? वाईट असतं तर शाळेपुढे विकू दिलं असतं का तुम्ही?”

पाटील तसाच उठून दुकानाकडे गेला. त्याने दुकान उठवलं. व्यापारी गाडी जुंपून पुढच्या गावाला गेला. पण पोरांची तलफ काही गेली नाही. पोरं आता पुढच्या गावची वाट धरू लागली. मैना घरातच बसायची. नळीवाचून तिला रात्र रात्र झोप लागायची नाही.

पाटील पुढच्या गावच्या पाटलाकडे गेला, हात जोडून सगळं सांगितलं. तिथल्या पाटलाने गूळपाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वाईट झालं. पण आम्हाला तो विहीर बांधून देतोय हो.”

पाटील उठला आणि धापा टाकत परतणाऱ्या आपल्याच गावच्या पोरांमागून घरी निघाला.

यातून घ्यायचं तात्पर्य: मुलांच्या हाती काय पडू द्यायचं नाही, हे मोठ्यांनी दुकान उघडायच्या आधीच ठरवावं. मागाहून दुकान बंद करून गेलेला श्वास परत येत नाही.