चौकातली पेटी आणि टेकडीवरचं यंत्र

खांबांनाही अक्कल बसवायचे दिवस होते ते. “चौकातली पेटी उद्या काढायची आणि…” एवढंच दिव्याच्या खांबाने खाली उभ्या दोन कामगारांच्या तोंडून ऐकलं, तोच बसचा हॉर्न वाजला. पुढचं त्याने मनाने जुळवलं आणि शेजारच्या सिग्नलपेटीला सांगून टाकलं, “पेटीताई, तुझी गच्छंती ठरली.”

पेटीताईला धसकाच बसला. लाल-हिरवं करण्याआधी टेकडीवरच्या मोठ्या यंत्राला विचारायचं, असा नियम होता. काल अॅम्ब्युलन्स अडकली, तेव्हाही तिने विचारलं होतं. वरून उत्तर आलं, “विचार चालू आहे.” मग तिने आपल्या जबाबदारीवर हिरवा दिवा दिला.

“माफी मागून टाक की,” खांब म्हणाला.

“आत पोरगी कळा देत होती, खांबभाऊ. बाळ काय वरची परवानगी घेऊन येणार होतं?”

सकाळी माणसं आली आणि पेटीताईला खरंच उतरवून घेऊन गेली. पुढची गोष्ट खांबाला संध्याकाळी त्याच माणसांच्या बोलण्यातून कळली. पेटीताईला टेकडीवर, मोठ्या यंत्राच्याच फाटकावर बसवलं होतं. तिथे साहेबांच्या गाड्या रोज तासभर खोळंबायच्या, कारण फाटक उघडावं की नाही, यावर यंत्राचा विचार चालू असायचा.

आता साहेब वेळेवर पोचतात. चौकात मात्र गाड्यांची रांग लागली आहे, आणि वरती विचार चालू आहे.