ताट वाढू गं कुणाला

एकदा एका नदीकाठच्या गावात एका गाण्याच्या अर्थावरून मोठा वाद माजला. गाणे होते हौसाबाईचे. तिचा नवरा तिला टाकून परगावी दुसरा संसार थाटून बसला होता. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती स्वयंपाक करता करता गात असे:

दार ठेविते उघडं, दिवा लावी ओसरीला
दोन मांडिते मी पाट, ताट वाढू गं कुणाला

आवाज असा, की वाटेवरचा माणूस थबकावा. गावातले जाणते लोक तिच्या अंगणात येऊन उभे राहत, माना डोलावत आणि तसेच देवळात जाऊन अर्थाचा कीस काढत. कुणी म्हणे, दार म्हणजे इंद्रिये. कुणी म्हणे, दुसरा पाट परमात्म्याचा. बाई मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती, याची चर्चा देवळात होत नसे.

अखेर या गाण्यावर निरूपण करण्यासाठी एका वृद्ध गुरुजींच्या तरुण शिष्याला बोलावणे आले. त्याचे हे पहिलेच निरूपण. गुरू-शिष्य आदल्या दिवशीच गावात पोहोचले आणि सायंकाळी गाणे ऐकायला अंगणात उभे राहिले.

"गुरुजी," शिष्य भारावून म्हणाला, "रिक्त पाट म्हणजे शून्य. जीवाने अहंकार सोडला की उरते ती रिक्तता. केवढा गहन अर्थ आहे!"

शेजारची म्हातारी कुंपणाशी उभी होती. तिला गुरुजींनी विचारले, "ते दुसरे ताट रोज कोण खाते?"

"गाय खाती, म्हाराज," म्हातारी म्हणाली. "आन् हल्ली पयलं ताटबी तिलाच जातंय."

हे ऐकताच गुरुजींनी पायांतल्या वहाणा काढल्या, हातपाय धुतले, सरळ आत गेले आणि त्या रिकाम्या पाटावर बसले. शिष्य दारातच थबकला. नवऱ्यासाठी मांडलेल्या ज्या पाटाला गावात कुणी शिवत नव्हते, त्यावर आपले गुरू बसले!

"माय, भूक लागली आहे," गुरुजी म्हणाले.

हौसाबाई हातातली पळी तशीच धरून वळली. तिचे डोळे भरून आले. मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "आमटी तिखट हाय. चालंल का?"

"चालेल. पण तूही माझ्यासोबत बस."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मुक्कामावर परतताना शिष्य खाली मान घालून चालत होता. "गुरुजी, माझा अर्थ चुकला का?"

"चुकला नाही रे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तिच्या ओळीतून शून्यही निघेल, परमात्माही निघेल. पण ती बाई तर प्रश्न विचारते आहे, ताट कुणाला वाढू? नवरा येणार नाही, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अख्खे गाव तिच्या प्रश्नाचा अर्थ सांगत बसले. उत्तर कुणी दिले नाही. आर्त गाण्याचा खोल अर्थ जरूर शोधावा, पण आधी गाणाऱ्याचे तोंड सुकले आहे का, ते पाहावे."

दुसऱ्या दिवशी देऊळ गच्च भरले. शिष्य उभा राहिला. आधी घोकून आणलेले सारे त्याने बाजूला ठेवले आणि म्हणाला, "मंडळी, या गाण्याचा अर्थ मला काल कळला. तो इथे बसून सांगता येत नाही. आज हौसाबाईंकडे जेवायला कोण जाणार?"

जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिले. तेवढ्यात कुंपणाशी भेटलेली ती म्हातारी मागच्या रांगेतून उठली. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या, आणि मग उपरणे सावरत इंद्रियांचा अर्थ लावणारे गृहस्थही उठले.

सायंकाळी हौसाबाईच्या घरातून गाणे काही ऐकू आले नाही. भांड्यांचा आवाज येत होता, आणि त्यावर तिचा चढलेला स्वर: "आगं, आधी सांगून तरी यायचं! भात कुठं पुरतोय एवढ्यांला?"

अंगणात उभ्या असलेल्या शिष्याने तो वैताग कान देऊन ऐकला, आणि मग तोही हातपाय धुवायला गेला.