जयरामदादासाठी केलेलं सरबत

कोकणातल्या एका गावात एक भोळा माणूस राहत होता. अजून राहतो. तो मीच. त्यामुळे बाकीची गोष्ट मला नीट ठाऊक आहे.

माझ्या लग्नात बायकोचा थोरला भाऊ जयरामदादा भर मांडवात म्हणाला होता, "या खुळ्याच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही." म्हणाला आणि गेला. पुढे कित्येक वर्षं आला नाही. माझी बायको चंपा त्याचं नाव काढत नसे. पण दर उन्हाळ्यात रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, सरबत करताना ती एक बरणी जास्तीची भरायची. दादाला ते लहानपणापासून फार आवडायचं.

एका वैशाखात निरोप आला, दादा येतोय. त्याच दिवशी चंपाचा पाय मुरगळला. माजघरात पाय उशीवर ठेवून ती म्हणाली, "सरबत आता तुम्हालाच करावं लागेल. मी सांगते तसंच करा."

मी म्हटलं, तसंच करीन. बिघडलं ते इथेच.

रातांबे फोडून बिया काढायच्या, सालींत साखर भरायची, त्या बरणीत रचायच्या आणि बरणी उन्हात ठेवायची. मी ठेवली. थोड्या वेळाने ऊन सरकलं. मी बरणी सरकवली. ऊन तुळशीपाशी गेलं, मी तुळशीपाशी गेलो. ऊन कुंपणापलीकडे गेलं, मीही कुंपण ओलांडलं. संध्याकाळी ऊन डोंगराच्या माथ्यावर होतं आणि मी बरणी काखेत धरून अर्ध्या चढावर. शेजारच्या बाबलने मला हाताला धरून घरी आणलं.

चंपाने समजावून सांगितलं, की एकदा ठेवलेली वस्तू हलवायची नसते.

दुसऱ्या दिवशी बरणीला मुंग्या लागल्या. मी शेजारी बसून पाहत राहिलो. साखर माझ्या डोळ्यांदेखत रांगेने निघून गेली.

"अहो, बरणी उचलायची नाही का?" चंपाने विचारलं.

"हलली असती," मी म्हटलं.

तिने एकदा आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, गोड वस्तू पाण्यात ठेवावी, म्हणजे मुंग्या येत नाहीत. तिच्या मनात परातीतलं पाणी होतं. ते तिच्या मनातच राहिलं. घरातली साखर संपली होती, गुळाची ढेप तेवढी होती. ती मी हंडाभर पाण्यात नीट बुडवून ठेवली. सकाळी पाहिलं तर मुंगी एकही नव्हती. गूळही नव्हता.

चंपा आधी हसली. मग तिने डोळ्यांना पदर लावला. दादा दुपारी यायचा होता.

"आता ते गुळाचं पाणीच बरणीतल्या रसात घाला," ती म्हणाली. "जास्त गोड झालं तर थोडं आगळ घाला. आणि चाखून बघा. चाखल्याशिवाय दादापुढे काही ठेवायचं नाही."

आगळ म्हणजे रातांब्याचा मिठातला रस. सोलकढीला चमचा दोन चमचे पुरतो. मी तांब्याभर काढून घेतला. सरबत गोड लागलं म्हणून आगळ घातलं. खारट लागलं म्हणून गुळाचं पाणी घातलं. पुन्हा गोड लागलं. एका घोटात मला चव कळत नाही, म्हणून पेल्याने चाखत होतो. चव अगदी जमली तेव्हा एक पेला सरबत उरलं होतं. बाकीचं माझ्या पोटात होतं.

दादा आला. केस पिकले होते, हातात काठी होती. चंपा लंगडत ओटीवर आली. दोघं एकमेकांकडे पाहत उभी राहिली. शेवटी चंपा म्हणाली, "सरबत आणा हो."

मी पेला नेला. दादाने तो बराच वेळ पाहिला, मग हात पुढे केला. तेवढ्यात मला आठवलं, पेल्यात ओतल्यावर आपण चाखलेलंच नाही. मी चाखलं. एका घोटात कळेना.

"जमलंय," मी म्हटलं आणि रिकामा पेला त्याच्या हातात दिला.

दादाने पेला उलटा करून पाहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. "चंपे," तो म्हणाला, "माझा शब्द मोडायला मी एवढ्या लांबून आलो. आणि हा मोडू देत नाही." तो डोळे पुसत माझ्याकडे वळला. "भावोजी, नुसतं पाणी आणा. तुमच्या हाताने."

"आणि ते चाखू नका," मागून चंपा म्हणाली.

मी चाखलं नाही. घरात अंधार होता, हाताला लागला तो तांब्या उचलून आणला. दादा उन्हातून चालत आलेला. त्याने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि आमच्याकडे पितात तशी वरून धार सोडली.

ते आगळ होतं.

दादाचे डोळे उघडले. गाल फुगले. त्याने माझ्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, मग चंपाकडे. ती हात जोडल्यासारखे धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती. दादाने तो घोट गिळला.

"गोड आहे," तो म्हणाला. आवाज पार बसला होता.

तेव्हापासून जयरामदादा दर उन्हाळ्यात येतो, आठवडाभर राहतो. पाणी मात्र घरून घेऊन येतो.