जांभळांची डोंगराकडली बाजू

"तोंड फाटेस्तोवर सांगत होते, बुवा, डोंगर उकललाय म्हणून. एका तरी मेल्यानं विश्वास ठेवला? म्हणे, भूकंपानं गोजराबाईचं डोकं हललं!"

सोमगिरी बुवा परसात टेकले. गोजराबाईनं त्यांना गुरू केलं होतं, पण गुरूपुढंही तिचा आवाज खाली येत नसे. तिच्या एका हातात कुऱ्हाड. पायाशी घमेलं, त्यात घराच्या भेगा लिंपायला कालवलेली शेणमाती.

"मग आता ठेवला?"

"माझ्यावर कुठला? यंत्रावर ठेवला! शहरातनं एक पोरगी आली, तिपाईवर यंत्र मांडलं. ते गरागरा फिरतं, लेझरचा उजेड फेकतं. पडद्यावर डोंगर आला. मग पोरीनं त्यावरचा पाला, गवत सगळं पुसलं, भादरल्यावाणी. आन मधोमध भेग, भांग पाडल्यासारखी. मग सरपंच लागला मान डोलवायला."

"बरं झालं. कुऱ्हाड कशाला?"

तिनं बांधाकडं मान उडवली. तिथं तिच्या जावेनं, कोंडाबाईनं, लावलेली जांभळं उभी होती. कुणाचा शेंडा मोडलेला, कुणाचं खोड कललेलं.

"हिच्या जांभळांच्या मुळ्यांनी डोंगर फोडला. लावली तेव्हाच बजावलं होतं. तेव्हापास्नं बोलत नाही मी तिच्याशी. आज पाडतेच."

"यंत्रात मुळ्या दिसल्या?"

"मातीतलं कसं दिसंल? भेग दिसली. झाडांच्या पार वर, थेट पलीकडल्या डोंगरापातुर."

"मग जांभळांनी…"

"मग दुसरं कोण करणार!"

बुवा उठले. घमेल्यातला मोठा गोळा उचलला आणि बांधापलीकडं गेले. गोजराबाई तणतणत मागोमाग. भांडण झाल्यापासून या बाजूला तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

…

डोंगरावरनं गडगडत आलेले धोंडे खोडांना अडून पडले होते. एकेक म्हशीएवढा. डोंगराकडली साल सगळी सोललेली, आतलं लाकूड उघडं. पाला पुसायच्या आधी पोरीनं पडद्यावर याच जखमा दाखवल्या होत्या. भेगेच्या नादात गोजराबाईनं तिकडं बघितलंच नव्हतं.

बुवा जखमेवर शेणमाती थापू लागले.

"अहो, ते भिंतीसाठी कालवलंय!"

"भिंतीलाच लावतोय."

…

दोन खोडांच्या मधून गोजराबाईला स्वतःचं घर दिसलं. कौलं जागच्या जागी. मागल्या पडवीत पाळणा, त्यात नातू पाय झाडत होता.

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. घमेलं ओढत आणलं आणि पुढल्या झाडाला शेणमाती लिंपू लागली. मग नाक ओढून, पुन्हा त्याच आवाजात,

"पण बुवा, दोष कुणाचा तरी असंलच की!"

"आहे ना."

"कुणाचा?"

बुवांनी शेणानं भरलेलं बोट पाळण्याकडं केलं.

"ते पोर आज खेळतंय, त्याचा सगळा दोष एकटीचा… कोंडाबाईचा."