टेकडीवरची बस

सांगा मंडळी, विश्वास कुणावर ठेवाल, आकडेवाल्या साहेबावर की गुडघे चोळणाऱ्या म्हातारीवर? इंग्लंडातल्या ब्रॅकनशॉ बरोच्या कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, टेकडीवरची एकुलती एक बस बंद करायला घेतली. म्हाताऱ्या कुमुदताई बेंद्रे त्याच टेकडीवर राहायच्या. सगळ्या शेजाऱ्यांसारख्या त्याही बाजाराला पायी उतरत. पिशव्या घेऊन चढायला मात्र बसच हवी.

सभेत वाहतूक अधिकारी ऐटीत म्हणाले, "वरच्या थांब्यावर मी दिवसभर उभा होतो. बसमध्ये एकही माणूस चढला नाही!"

"आणि उतरले किती?" कुमुदताईंनी विचारलं.

"उतरणारे कशाला मोजू, बाई?"

"अहो साहेब, प्रसूतिगृहातही आत जाणारेच मोजा, म्हणजे गावात पोर जन्मलंच नाही!"

सभागृहात हशा पिकला, हसता हसता महापौरांचा चष्मा घसरला आणि बस राहिली. तेव्हा मंडळी, हिशोब ठेवाल तो दोन्ही बाजूंनी खरा ठेवा, एवढीच विनंती.