अण्णांचं वळण आणि झिपरूची राखण

एका गावात एक भोळा गडी होता. नाव झिपरू. सांगितलं तेवढं करायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही, हा त्याचा बाणा.

गाव टेकडीवर, शाळा पायथ्याशी. मधली सायकलवाट एका जागी अशी वळायची, की पोरं शाळेऐवजी नाल्यात पोचायची. वळणाला कठडा बांधायचा म्हणून दोन वर्षांपूर्वी दगड आले होते. ते सरपंच निंबाअण्णांच्या गोठ्याला लागले. म्हशी सुरक्षित झाल्या, पोरी पडत राहिल्या. शेवटी बाप लोकांनी निक्षून सांगितलं, आता एक जरी पोर पडली तरी सायकली माळ्यावर आणि पोरी घरात. झिपरूची भाची मंजुळा हे ऐकून रडरड रडली. ती आठवीत होती, आणि तिला शिकायचं होतं.

अण्णांना कठड्यापेक्षा झिपरू स्वस्त पडला. ते म्हणाले, "वळणावर उभा राहा. कोणी आलं की ओरड."

झिपरू बाभळीमागे उभा राहिला. पोस्टमन आला. बिचारा वळण ओळखून होता, सायकल हातात धरून पायी चालला होता. झिपरू त्याच्या कानाशी ओरडला, "सांभाळा!" पोस्टमन दचकला आणि टपालासकट नाल्यात गेला.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अरे, ओरडायचं नाही. मागून कॅरिअर घट्ट धरायचं."

दुसऱ्या दिवशी सुकलाल दूधवाला खालून चढ चढत आला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, तोंडाला फेस. झिपरूने मागून कॅरिअर घट्ट धरलं. सुकलालने जोर लावला, झिपरूने त्याहून जास्त लावला. सायकल आडवी झाली, नाला पांढरा झाला.

"झिपऱ्या, चढणाऱ्याला धरतात का?" अण्णा म्हणाले. "चढणाऱ्याला ढकलायचं असतं."

झिपरूने हे मनात पक्कं केलं.

तेवढ्यात निरोप आला, तालुक्याचे साहेब कठडा बघायला येणार. अण्णांची झोप उडाली. गोठ्याची भिंत उतरवून दगड वळणावर टाकले आणि झिपरूला बजावलं, "अशी भिंत रच, की एकही सायकल नाल्यात जाता कामा नये."

झिपरूने भिंत रचली. दरडीपासून नाल्यापर्यंत, वाटेवर आडवी, छातीइतकी उंच.

सकाळी अण्णा नवा फेटा बांधून साहेबांना घेऊन आले. मागे गाव. पोरी सायकली धरून भिंतीशी उभ्या.

"मामा, शाळा पलीकडे आहे," मंजुळा म्हणाली.

"पण नाल्यात गेली का कोणी?" झिपरूने विचारलं.

कोणी गेलं नव्हतं. अण्णा हसले, म्हणाले काम जरा बाकी आहे, आणि पलीकडून दाखवतो म्हणून स्वतःच भिंत चढू लागले. वय झालेलं, पोट सुटलेलं. अर्ध्यावर धाप लागली.

झिपरूने ओळखलं, हा चढणारा. त्याने मागून सगळं बळ लावून ढकललं.

अण्णा पलीकडे पडले आणि उतारावरून गडगडत थेट वळणावरच, नाल्याच्या काठाला जाऊन अडकले. फेटा नाल्यात गेला. काठावरून ते कळवळून म्हणाले, "पाड मेल्या ती भिंत आधी!"

आपण कुठे पडलो आहोत, हे काही त्यांनी सांगितलं नाही. झिपरूने पहार घातली. भिंत ढासळली, दगड अण्णांच्याच वाटेने गडगडत गेले आणि काठावर त्यांच्या दोन्ही बाजूंना रांगेत जाऊन बसले. अण्णा कमरेपर्यंत दगडांत रुतले. हाडं शाबूत राहिली, अब्रू तेवढी ठेचली.

वाट मोकळी झाली. मंजुळा सायकलवर बसली, मागोमाग बाकीच्या. वळणावर एकीचं चाक सरकलं, अण्णांच्या खांद्याला टेकलं आणि सावरून पुढे गेलं. नाल्यात कोणी पडलं नाही. बाप लोकांनी सायकली माळ्यावर टाकायचा विषय सोडला.

साहेब म्हणाले, "कठडा मजबूत आहे. हलवू नका."

झिपरू मान डोलावून वळणावर राखणीला बसला. संध्याकाळी गाव अण्णांना काढायला आलं, तर तो कोणाला हात लावू देईना.